कापड अवघड, टीप सरळ

(संस्थेच्या शिवण-कर्तन वर्गाच्या प्रमाणपत्र वितरण समारंभात देवगाव रंगारी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



तथागत भगवान बुद्ध आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पावन स्मृतीस वंदन करून आम्ही शिवणवर्गाच्या शिक्षिका चार शब्द बोलणार आहोत. प्रमाणपत्र वाटपाच्या दिवशी केवळ अभिनंदन करून खाली बसावे अशी रीत आहे. परंतु वर्गात जे पूर्ण शिकवून होत नाही, ते आज सांगावे असे आम्हाला वाटते. वर्गात आपण मांजरपाटावर आणि सुती कापडावर शिकतो. सुती कापड गरीब गायीसारखे असते. खडूची रेघ धरून ठेवते, कातरीखाली हलत नाही, इस्त्री सहन करते. पण वर्ग संपवून मुलगी घरी मशीन मांडते, तेव्हा पहिले गिऱ्हाईक घेऊन येते जॉर्जेट, दुसरे सॅटिन, आणि तिसरे टिकल्यांनी भरलेली जाळी! मग टीप चुरगळते, दोरा तुटतो, टाका सुटतो आणि मुलगी म्हणते, "मशीनच खराब आहे."

बहुतेक वेळा मशीन खराब नसते. कापडाचा स्वभाव ओळखलेला नसतो. म्हणून आजचा आमचा विषय आहे अवघड कापडाची शिलाई.

हा विषय नुसता सुईदोऱ्याचा नाही. खेड्यापाड्यांत काय होते ते पाहा. परकर, अस्तर, फॉल-पिको हे काम गावात राहते. लग्नाचा शालू, जरीचा ब्लाऊज, टिकल्यांचा घागरा मात्र कन्नडला किंवा छत्रपती संभाजीनगरला जातो, आणि त्याच्याबरोबर खरी मजुरीही जाते. आपल्या मुलीच्या हाती स्वस्त कापड देतात, महाग कापड देताना कचरतात. हे कचरणे बंद करण्याचा एकच मार्ग आहे. ते कापड तिच्या हातून निर्दोष शिवून बाहेर पडले पाहिजे.

सुईदोऱ्याचा आपला वारसा

शिवणकाम हे हलके काम आहे, असे आपल्यापैकी कोणाला वाटत असेल तर त्यांनी विनयपिटक उघडावे. महावग्गात चीवराचा एक संपूर्ण स्कंधक आहे. मगधाच्या शेतांचे बांध आणि वाफे पाहून तथागतांनी आनंदाला तसेच चीवर करता येईल का असे विचारले, आणि आनंदाने तुकडे जोडून तसे चीवर बेतले, असे त्यात सांगितले आहे. आजही भिक्खूंच्या चीवरावर शेताच्या वाफ्यांसारखे तुकडे दिसतात ते यामुळेच. म्हणजे आनंद हा उत्तम कर्तनकारही होता.

चुल्लवग्गात तर शिवणवर्गाचाच पाठ आहे. बोटाला सुई टोचते म्हणून अंगुस्तान्याची अनुज्ञा दिली. सुया गंजतात म्हणून सुईची नळी ठेवण्याची अनुज्ञा दिली. टाके वाकडे जातात म्हणून 'मोघसुत्तक', म्हणजे खोटा दोरा, वापरण्याची अनुज्ञा दिली. आपण आज कच्चा टाका घालतो किंवा खुणेची रेघ मारतो, त्याच जातीचे हे काम. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या शिवणाऱ्याची अडचण आणि आपली अडचण एकच होती.

धम्मपदाच्या अट्ठकथेत अनुरुद्ध थेरांच्या चीवराची कथा आहे. त्यांचे चीवर शिवायला महाकस्सप, सारिपुत्त आणि आनंद बसले, भिक्खुसंघाने सूत कातले आणि स्वतः शास्त्यांनी सुईत दोरा ओवला, असे ती कथा सांगते. ज्या धम्मात शास्ता सुई ओवतो, त्या धम्माच्या उपासिकेने मशीनवर बसताना मान खाली घालण्याचे कारण नाही.

आपल्या जवळचाही पुरावा आहे. आपल्याच कन्नड तालुक्यात पितळखोऱ्याची लेणी आहेत. तेथील एका यक्षमूर्तीवर ती घडविणाऱ्या कान्हदास नावाच्या सोनाराचे नाव कोरलेले आहे, आणि पैठणच्या सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याचे दानही तेथे नोंदलेले आहे. नाशिकच्या पांडवलेण्यात ऋषभदत्ताचा शिलालेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. व्याज दरमहा शेकडा एक. म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस. त्यातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी द्यायचे. वीस बारे दोनशे चाळीस, हिशेब चोख बसतो! सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी राजाच्या जावयाने आपली ठेव विणकरांच्या संघटनेकडे ठेवली, कारण कारागिरांच्या श्रेणीची पत होती. कारागिराची पत म्हणजे काय, हे या लेखातून शिकावे.

उलट बाजूही विसरू नये. मनुस्मृतीने चांडाळाला मृताची वस्त्रे नेमून दिली. भिक्खूने स्वेच्छेने चिंध्यांचे पांसुकूल अंगीकारणे आणि समाजाने एखाद्यावर मेलेल्याचे कापड लादणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. डिसेंबर 1927 मध्ये महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना त्यांच्या पेहरावाविषयी मुद्दाम उपदेश केला. लुगडे नेसण्याची जुनी ओळखीची पद्धत आणि अंगावरचे ते जड दागिने टाकून द्या, असे सांगितले. त्या काळी आपली जात आपल्या कापडावरून ओळखली जात होती. आज आपली मुलगी दुसऱ्यांचे जरीचे कापड बेतते आणि शिवते, यामागे तो सगळा प्रवास आहे.

आधी कापड ओळखा

आता कामाकडे वळू. कापड हाती आले की पहिला प्रश्न, धागा कशाचा? दुकानदार सर्व चकचकीत कापडाला 'सिल्क' म्हणतो. त्याच्यावर विसंबू नये. कापडाच्या कडेचे चार धागे काढावेत, चिमट्यात धरावेत, खाली पाण्याची वाटी ठेवावी आणि काडी लावावी. सुती धागा कागदासारखा जळतो व मऊ राख राहते. व्हिस्कोसही तसाच जळतो. खरे रेशीम जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि राहिलेली काळी गुठळी बोटाने चुरडता येते. पॉलिस्टर आणि नायलॉन आधी आकसतात, वितळतात आणि कडक मणी तयार होतो. तो चुरडत नाही. ही परीक्षा करताना पदर खोचलेला असावा आणि लहान मुले जवळ नसावीत.

नायलॉन 1935 साली अमेरिकेत कॅरोदर्स यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले. पॉलिस्टर 1941 साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी शोधले. आपल्याकडे ते टेरिलीन, टेरिन, टेरिकॉट या नावांनी आले आणि 'धुतले की वाळले' म्हणून घरोघर शिरले. या धाग्यांचे तीन गुण लक्षात ठेवले की पुढची बहुतेक अडचण आपोआप उलगडते.

पहिला गुण, धागा अखंड आणि गुळगुळीत असतो. कापसाचा तंतू आखूड आणि पिळलेला असतो, एकमेकाला धरून राहतो. पॉलिस्टरचा धागा मैलोन्‌मैल एकसंध. म्हणून कापड घसरते आणि कापलेल्या कडेचे दोरे सुटतात.

दुसरा गुण, तो पाणी पीत नाही. नेहमीच्या हवेत शंभर ग्रॅम सुती कापडात सात-आठ ग्रॅम ओलावा राहतो. पॉलिस्टरमध्ये अर्धा ग्रॅमसुद्धा राहत नाही. म्हणून कोरड्या दिवसांत त्यात वीज भरते, ते अंगाला आणि मशीनच्या पाटीला चिकटते, आणि घामही शोषत नाही.

तिसरा गुण, तो उष्णतेने वितळतो. पॉलिस्टर सुमारे अडीचशे अंश सेल्सिअसच्या पुढे वितळते. नायलॉनच्या काही जाती त्याहून कमी, सव्वादोनशेच्या आतच. मऊ तर त्याच्या पुष्कळ आधी पडतात. सुती कापडासाठी तापवलेली इस्त्री यांच्यावर ठेवली तर कापड आकसते किंवा चकाकते, आणि तो डाग जन्मभर जात नाही.

आपल्या गावाच्या नावात 'रंगारी' आहे, म्हणून एक गोष्ट सांगतो. महावग्गात चीवर रंगविण्यासाठी मूळ, खोड, साल, पान, फूल आणि फळ अशा सहा प्रकारच्या रंगांची अनुज्ञा आहे. हे रंग सुतावर आणि रेशमावर बसतात, पॉलिस्टरवर बसत नाहीत. त्याला वेगळे रंग आणि दाबाखाली सुमारे एकशे तीस अंशांचे पाणी लागते. म्हणून गिऱ्हाईक म्हणाले, "बाई, हा पॉलिस्टरचा दुपट्टा घरीच रंगवून मॅचिंग करून द्या," तर सरळ नाही म्हणावे.

निसरडे कापड : जॉर्जेट, शिफॉन, सॅटिन

कापताना टेबलावर किंवा सतरंजीवर जुनी सुती चादर अंथरावी. कापड तिला धरून राहते. दुहेरी घडी न घालता एकेरी कापावे. कडेला वजने ठेवावीत. कातर धारदार असावी आणि लांब चाल द्यावी. टोकाने कुरतडल्यासारखे कापले की कड दातेरी होते. टाचण्या लावायच्या त्या शिलाईच्या मायेत, कापडाच्या अंगात नाहीत. माया नेहमीपेक्षा जास्त ठेवावी.

सुई नवी घ्यावी. जॉर्जेट-शिफॉनला 9 किंवा 11 नंबर, सॅटिनला 11, टेरिकॉटला 14, रेग्झीनला 16 किंवा 18. होजियरीच्या ताणणाऱ्या कापडाला गोल टोकाची बॉलपॉइंट सुई, कारण धारदार टोक त्याचे फास तोडते. सुई बोथट झाली की निसरड्या कापडाचा धागा ओढला जातो आणि लांबच लांब रेघ पडते. पाच-दहा रुपयांच्या सुईसाठी दोन हजारांचे कापड गमावू नये. दोरा पॉलिस्टरचा, बारीक आणि एकसारखा.

आता टाका का सुटतो ते समजून घ्या. सुई खाली जाऊन किंचित वर उचलली की तिच्या मागे दोऱ्याचा छोटा फास तयार होतो. शटलची चोच त्या फासात शिरते आणि टाका पडतो. हलके, घसरणारे कापड सुईबरोबर वर उचलले जाते, फास नीट होत नाही, चोच रिकामीच फिरते. उपाय असा : बारीक नवी सुई लावावी, खाली पातळ कोरा कागद ठेवावा आणि तो कापडासह शिवून नंतर हलक्या हाताने फाडून काढावा. वर्तमानपत्राचा कागद घेऊ नये, शाई उतरते. सुरुवात अगदी कडेपासून न करता थोडे आतून करावी आणि दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरून ठेवावीत, म्हणजे पाटीच्या भोकात कापड ओढले जात नाही.

टीप चुरगळते, चुण्या पडतात, त्याची कारणे तीन. दोऱ्याचा ताण जास्त असणे, दोन थर सारखे न सरकणे, आणि दाट विणीच्या कापडात दोऱ्याला जागाच न मिळणे. कारण कोणते हे ओळखण्याची युक्ती आहे. नमुन्याच्या तुकड्यावर टीप मारावी आणि दर दोन-तीन इंचांवर दोरा कापावा. चुण्या मोकळ्या झाल्या तर ताणाचा दोष. वरचा ताण सैल करावा, बॉबिनही सैल हाताने भरावी. दोरा कापूनही चुण्या राहिल्या तर विणीत जागा नाही. सुई व दोरा आणखी बारीक करावा आणि टाका थोडा लांब घ्यावा. बारीक कापडास इंचाला दहा ते बारा टाके पुरेत. थर सरकत असतील तर कच्चा टाका घालूनच मशीनवर बसावे, म्हणजे तेच मोघसुत्तक! शिवताना पुढून व मागून कापड समान धरावे, पण ओढू नये. ओढले की सुई वाकते, पाटीवर आपटते आणि तुटते.

सलग वेगाने मशीन चालविली की सुई तापते. कारखान्यातील वेगवान मशीनवर तर तिची उष्णता कृत्रिम धागा वितळण्यापर्यंत जाते, सुईच्या नेढ्यात प्लास्टिकचा कण बसतो आणि दोरा तुटत राहतो. पायमशीनवर हे क्वचित होते, पण मोटार लावलेल्या मशीनवर जाड नायलॉन शिवताना होऊ शकते. वेग कमी करावा आणि सुई पुसावी.

दोरे सुटणारी कड उघडी ठेवू नये. पारदर्शक कापडाला फ्रेंच शिलाई उत्तम. आधी सुलट बाजूंनी बारीक टीप, माया कातरून कमी करणे, मग उलटून दुसरी टीप. कड आत बंद होते. उरेब कापलेला घेर असेल तर तो एक रात्र टांगून ठेवावा. जॉर्जेट आपल्या वजनाने खाली उतरते. दुसऱ्या दिवशी खालची कड समान करून मगच दुमडावी. नाहीतर पहिल्या धुण्यानंतर घेर एका बाजूला लोंबतो आणि बोल आपल्याला लागतो.

टिकल्या, मणी, जरी आणि मखमल

टिकल्यांच्या कापडाची मेख अशी की पुष्कळ वेळा टिकल्या साखळीच्या टाक्याने लावलेल्या असतात. एक दोरा कापला की ओळ सरसर उसवते. म्हणून कापल्याबरोबर कडेने हाताने धावदोरा घालावा. शिलाईच्या रेषेवरच्या टिकल्या व मणी काढून टाकावेत आणि सुटलेल्या दोऱ्यांना गाठी माराव्यात. शिलाई झाल्यावर मोकळ्या दिसणाऱ्या जागी त्याच टिकल्या हाताने पुन्हा लावाव्यात. काढलेल्या टिकल्या डबीत ठेवा, फेकू नका. मण्यांच्या ओळीजवळ शिवायचे तर चेन लावण्याचा एका बाजूचा पाय बसवावा. चांगली कातर या कामाला वापरू नये, धार जाते. मशीनची सुई टिकलीवर आदळून तुटली तर तुकडा डोळ्याकडे उडतो, म्हणून चष्मा असेल तर तो लावून बसावे. प्लास्टिकच्या टिकल्यांना इस्त्रीची आच लागली की त्या वाळलेल्या पानासारख्या वळतात. उलट बाजूने, सुती फडक्यावरून, कोमट इस्त्री, तीही कोपऱ्यावर पारखून.

जरीच्या कापडाचा नियम एकच : उसवण्याची वेळ येऊ देऊ नये. टाक्याची भोके बुजत नाहीत. माप आधी सुती कापडाच्या खोट्या ब्लाऊजवर पक्के करावे आणि मग जरीला कातर लावावी. जरीची कड अंगाला बोचते, म्हणून अस्तर हवेच, आणि ते सुतीच हवे.

मखमलीला अंग असते, म्हणजे तिच्या केसांची दिशा. हात खालून वर फिरवला तर गडद दिसते, वरून खाली फिरवला तर फिकी. सर्व तुकडे एकाच दिशेने कापावेत, नाहीतर एक बाही काळसर आणि दुसरी उजळ अशी गंमत होते. वरचा थर पुढे सरकतो, म्हणून दुहेरी कच्चा टाका घालावा. सुलट बाजूने इस्त्री करू नये. खाली मखमलीचाच तुकडा घेऊन उलट बाजूने वाफ द्यावी.

रेग्झीनला टाचणी टोचू नये, भोक कायम राहते. कपड्याचे चिमटे लावावेत, टाका लांब घ्यावा, आणि पाय चिकटत असेल तर वरून पातळ कागद ठेवावा किंवा थोडी टाल्कम पावडर चोळावी.

आपल्या जिल्ह्याचे कापड

आपल्या जिल्ह्यात पैठण आहे, जुन्या औरंगाबाद शहराची हिमरू आणि मशरू आहे. दौलताबादला 1327 साली मुहंमद तुघलकाने राजधानी आणली, तेव्हा आलेल्या कारागिरांपासून हिमरूची परंपरा सांगितली जाते. किमख्वाब सोन्याचांदीच्या जरीचा. हिमरूत उभा धागा सुती आणि नक्षीचा आडवा धागा रेशमी, पुढे कृत्रिम रेशमाचाही. हिमरूच्या पाठीमागे नक्षीचे सुटे धागे लांब तरंगत असतात. त्यांत बोट, बांगडी, हुक अडकतो. म्हणून हिमरूच्या जाकिटाला अस्तर लावल्याशिवाय देऊ नये. मशरू वरून रेशमी व आतून सुती, म्हणून अंगाला सुखकर. या दोन्ही कापडांच्या कडा लगेच सुटतात. कापताक्षणी इंटरलॉक करावी, नसेल तर हाताने कड बांधावी, आणि माया एक इंच सोडावी. आपल्या जिल्ह्याचे कापड आपल्याला शिवता आले नाही तर ती लाजिरवाणी गोष्ट ठरेल.

पंचशील ध्वजाचे बेतणे

आता ज्या कामाची आपल्याला दरवर्षी गरज पडते त्याकडे येऊ. 14 एप्रिल, वैशाख पौर्णिमा आणि धम्मचक्र प्रवर्तन दिन आला की ध्वज बाजारातून आणले जातात. सॅटिनचे ध्वज आठ दिवसांत चिरतात, कडा उसवतात. आपण का शिवू नयेत?

हा ध्वज 1885 साली श्रीलंकेत तयार झाला आणि 1950 साली जागतिक बौद्ध परिषदेने तो स्वीकारला. काठीकडून निळा, पिवळा, लाल, पांढरा, मांजिष्ठ असे पाच उभे पट्टे, आणि सहाव्या पट्ट्यात हेच पाच रंग वरून खाली त्याच क्रमाने. क्रम चुकवू नये.

लांबी 30 इंच व उंची 20 इंच घेतली तर हिशेब सोपा पडतो. प्रत्येक उभा पट्टा 5 इंचांचा, सहाव्यातील प्रत्येक लहान तुकडा 4 इंच उंचीचा. जोडाला अर्धा इंच माया आणि बाहेरच्या कडेला दुहेरी दुमड घालण्यासाठी एक इंच धरा. म्हणजे मधले चार पट्टे 6 इंच रुंद कापायचे, काठीकडचा निळा साडेसहा इंच. सर्वांची उंची 22 इंच. लहान तुकडे साडेसहा इंच रुंद. त्यांतील मधले तीन 5 इंच उंच, सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा साडेपाच इंच उंच. जोडून झाल्यावर 32 बाय 22 इंच होईल, कडा दुमडल्यावर बरोबर 30 बाय 20.

सर्व पट्टे कापडाच्या उभ्या धाग्यात आणि चकाकीच्या एकाच दिशेने कापावेत. एक उभा, एक आडवा कापला की ध्वज फडकताना एका बाजूला मुरडतो. लाल कापडाचा तुकडा आधी पांढऱ्यावर ओला करून दाबून पाहावा, रंग उतरत असेल तर तो घेऊ नये. काठीच्या बाजूला आतून सुती नवारीची पट्टी घालावी, ताण तिने घ्यावा, सॅटिनने नाही. बाहेरची कड वाऱ्याने सर्वांत आधी फाटते, तिच्यावर दोन टिपा माराव्यात. पुढच्या 14 एप्रिलला या गावातील आणि वस्त्यांवरील ध्वज या वर्गातून जावेत, अशी आम्ही संस्थेला विनंती करतो.

मजुरी आणि शील

अवघड कापडाला वेळ दुप्पट लागतो. म्हणून मजुरी आधी सांगावी, काम झाल्यावर नाही. वहीत कापडाचा प्रकार, मीटर, असलेले दोष, ठरलेली मजुरी आणि तारीख लिहावी व गिऱ्हाइकाला दाखवावी. आधीच एखादा धागा ओढलेला असेल तर त्याच्या देखत खूण करावी. यात संकोच कसला? नात्यातल्या बाईचे काम असले तरी वही हवी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. उरलेले कापड गिऱ्हाइकाचे असते. वीतभर जरीचा तुकडा असो की मूठभर टिकल्या असोत, पिशवीत घालून परत द्यावे. पंचशीलातील दुसरे शील, न दिलेले न घेणे, हे शिवणाऱ्याच्या टेबलावरच पारखले जाते. कापड बिघडले तर लपवू नये. सम्यक आजीविका म्हणजे हेच. आपण ज्या समाजातून येतो, त्याच्यावर लोक आधीच शंका घेतात. त्या शंकेला आपली वही आणि परत दिलेली पिशवी उत्तर देईल.

सरकारी योजनांकडेही लक्ष ठेवावे. 17 सप्टेंबर 2023 रोजी सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत शिंपीकामाचा समावेश आहे. प्रशिक्षण, साधनांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत साहाय्य आणि सवलतीच्या व्याजाचे कर्ज अशी तिची रचना आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतही शिवणाचा अभ्यासक्रम असतो. संस्थेच्या तरुण सभासदांनी मुलींचे अर्ज भरून द्यावेत. ही समाजसेवा भाषणापेक्षा मोठी आहे.

एक सावधगिरी. नायलॉन-पॉलिस्टरचे कपडे घालून चुलीजवळ किंवा गॅसजवळ काम करू नका. ते जळताना वितळून कातडीला चिकटतात. स्वयंपाकाच्या वेळी अंगावर सुती कापड असावे. शिवायला दिलेल्या मुलींच्या फ्रॉकलाही आतून सुती अस्तर सुचवावे.

आणि उरलेल्या, परत न मागितलेल्या चिंध्यांचे काय? उदेन राजाने आनंदाला विचारले होते, इतकी चीवरे घेऊन तुम्ही काय करणार? आनंदाने सांगितले, जुनी चीवरे पांघरुणाला, पांघरुणे बिछान्याला, मग जमिनीवर अंथरायला, मग पायपुसण्याला, मग धूळ झाडायला, आणि शेवटी कुटून मातीत कालवून लिंपायला. आपल्या आजीने गोधडी शिवताना हेच केले. फरक एवढाच की सुती चिंधी मातीत मिसळते, पॉलिस्टरची मिसळत नाही. म्हणून सुती चिंध्या गोधडीच्या आत घालाव्यात, आणि कृत्रिम चिंध्यांच्या पिशव्या, पायपुसणी, दप्तराची अस्तरे करावीत. जाळू मात्र नयेत.

विद्यार्थिनींनो, तुमच्या हातात आज जो कागद पडेल तो तुम्ही शिकायला बसलात याचा दाखला आहे. तुम्हाला येते याचा दाखला तुमची टीप देईल. प्रत्येक नव्या कापडाचा चार बोटांचा तुकडा एका वहीत चिकटवा. शेजारी सुईचा नंबर, दोरा, ताण आणि टाक्याची लांबी लिहा. वर्षभरात ती वही तुमची खरी गुरू होईल. पुढच्या वर्षी याच वर्गात बसणाऱ्या मुलींना ती दाखवा. विद्या दडवून ठेवू नये, ही आपल्या धम्माची रीत आहे.



भवतु सब्ब मंगलं. जय भीम! जय भारत!